लंगड्या हंसाची सभ्य गिऱ्हाइकं

मित्रांनो, मी एक जुना पब आहे. 'आहे' हे आपलं सवयीने म्हणालो. खरं तर मी होतो. आज माझ्या विटांचा चुरा लिंकनशायरमधल्या एका हमरस्त्यालगत, गाडीत बसल्या बसल्या कॉफी विकत घेता येते अशा एका दुकानाच्या गाडीतळाखाली दाबलेला आहे. माझ्या डोक्यावरून दिवसभर चाकं फिरतात. गाडीतला माणूस खिडकीतून हात बाहेर काढतो, कागदी पेला घेतो आणि देणाऱ्याच्या तोंडाकडेही न बघता निघून जातो. माझ्या काळात माणसं निदान खाली उतरायचे कष्ट घेत.

पब म्हणजे गुत्ता नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. गुत्त्यात माणूस पिण्यासाठी जातो. माझ्याकडे माणसं लवकर घरी जावं लागू नये म्हणून येत, आणि निमित्ताला बिअर घेत. तुम्हाला शाळेत नदीचं, फाटक्या पुस्तकाचं, म्हाताऱ्या बैलाचं आत्मवृत्त वाचायला मिळालं असेल. ती सगळी मंडळी फार गोड स्वभावाची असतात. कोणी तोडलं, कोणी फाडलं तरी माणसाचं भलंच चिंततात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका, कारण मी माणसं फार जवळून पाहिली आहेत.

मला ऑल्डरबी गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी जोसाया थार्प नावाच्या माणसाने बांधलं. तेव्हा उत्तरेकडे जाणाऱ्या टपालगाड्यांना ती टेकडी चढायला जादा घोडे लागत, आणि घोडे थार्पकडे होते. ते जुंपून होईपर्यंत प्रवाशांना बसवायला एक छप्पर हवं होतं, ते छप्पर म्हणजे मी. माझ्या विटा चर्चच्या दुरुस्तीतल्या होत्या. थार्प म्हणे त्या उरल्या होत्या, पाद्रीबाबा म्हणत त्या चोरीला गेल्या होत्या. पुढे दोघेही रोज माझ्याच शेकोटीपाशी बसायला लागले आणि तो विषय निघेनासा झाला.

माझं नाव 'लंगडा हंस'. या नावामागे गावाने एक हृदयस्पर्शी कथा रचली होती. कोणी एक राणी म्हणे माझ्याकडे मुक्कामाला उतरली, तिने तळ्यातल्या जखमी हंसाच्या पायाला आपला रुमाल बांधला, वगैरे. माझ्याकडे कधीही राणी उतरली नाही. एकदा एक बिशप उतरला होता, तोही पोट बिघडलं म्हणून. खरी हकीगत अशी की पाटी रंगवणाऱ्याने हंसाची मान वाजवीपेक्षा मोठी काढली आणि खाली एकाच पायापुरती जागा उरली. थार्प त्याला ओरडणार होता, पण चारचौघांत ओरडणं बरं दिसत नाही म्हणून त्याने पाटी तशीच टांगली आणि पबचं नाव बदललं.

हसू नका. या लोकांच्या स्वभावाची सगळी किल्ली इथेच आहे.

टपालगाडीतले प्रवासी आले की थार्पची बायको त्यांना सूप वाढी. ते इतकं कढत असे की चमचा तोंडाला लावायची सोय नसे. फुंकर घालून घालून ते जरा निवतंय तोच बाहेर गाडीवान शिंग फुंकायचा, प्रवासी धावत सुटायचे आणि सूप परत पातेल्यात जायचं. पुढच्या गाडीसाठी तेच सूप. वकील आले, व्यापारी आले, लढाईवरून परतलेले सरदार आले. तोफेपुढे उभे राहिलेले ते लोक, पण सूप फार गरम आहे एवढं एकानेही म्हटलं नाही. उलट जाताना 'जेवण फार छान होतं' असं सांगून गेले.

मग आगगाडी आली आणि रस्ता ओस पडला. माझ्या तबेल्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. तेव्हा मी गावच्या लोकांवर जगलो, आणि त्यांचा तो प्रसिद्ध रिवाज मला रोज बघावा लागला. माझ्या काउंटरपुढे रांग म्हणून कधी नसे. दहा माणसं आडवीतिडवी उभी असत, पण कोण कोणाच्या आधी आला हे दहाही जणांना पक्कं ठाऊक असे. मालकाने 'कोणाचा नंबर?' असं विचारलं की ज्याचा असेल तो शेजाऱ्याकडे हात करी. "नाही नाही, तुम्ही आधी." शेजारी म्हणे, "छे, तुम्ही माझ्या आधीच आलात." एकदा दोन शेतकरी असे एकमेकांकडे हात करत इतका वेळ उभे राहिले की पब बंद व्हायची वेळ झाली आणि दोघे तहानलेले घरी गेले. दोघांनाही आपण फार चांगले वागलो असं वाटलं.

हा रिवाज मोडणारे लोक मी चालू होतो तोवर एकदाच पाहिले. महायुद्धात जवळच्या माळावर विमानतळ झाला आणि वैमानिक पोरं माझ्याकडे यायला लागली. ती सरळ घुसायची, काउंटरवर हात आपटायची, मोठ्याने गायची. शेकोटीवरच्या ओक लाकडाच्या तुळईवर त्यांनी चाकूने आपापली नावं कोरली. त्यांच्यापैकी कोणी कोणाला 'तुम्ही आधी' म्हटलं नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता. एखाद्या संध्याकाळी त्यांच्यातली निम्मीच यायची आणि त्या दिवशी गाणं होत नसे. त्या पोरांबद्दल मी वाकडं बोलणार नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मेव्हिस आली.

मेव्हिस ब्रॅकनबरी आणि तिचा नवरा टेड यांनी मला चालवायला घेतलं. चालवायला घेतलं म्हणजे मालक झाले असं नाही. मी तेव्हा एका बिअर कंपनीच्या मालकीचा झालो होतो. कंपनीतल्या लोकांनी मला कधी पाहिलंही नसेल. पब चालवायचा आणि वरच्या मजल्यावर राहायचं, असा तो करार होता. टेड लवकर गेला. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई बहिणीकडे जाणार. मेव्हिसने त्याच आठवड्यात खोलीचे पडदे बदलले, टेडची खुर्ची खाली शेकोटीपाशी आणून ठेवली आणि ती राहिली. तिला दुसरं घर नव्हतं. बहीण होती समुद्रकाठच्या गावात, पण बहिणीच्या घरात खोली एकच जादा होती आणि त्या खोलीत बहिणीचं शिवणयंत्र होतं.

ही बाई मला आवडायची. ती सगळ्यांना 'राजा' म्हणे, मग तो ट्रकवाला असो नाहीतर डॉक्टर. काउंटरपाशी 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' सुरू झालं की ती नुसती हनुवटी उचलून एकाकडे खूण करी, आणि तो मुकाट्याने सांगायला लागे. तिने हनुवटीने केलेला न्याय कोणी अमान्य केल्याचं मला आठवत नाही. पब बंद करायची वेळ झाली की ती पितळी घंटा वाजवून ओरडे, "चला मंडळी, उठा आता. घरं नाहीत का तुम्हाला?" असं सगळेच पबवाले ओरडतात. पण तिच्या तोंडून ते ऐकताना माणसं हसत हसत कोट चढवत. मग ती दिवे मालवून जिना चढे, कारण तिचं घर माझ्या डोक्यावरच होतं.

आता माझ्या गिऱ्हाइकांची ओळख करून देतो. तिघेच पुरेत, बाकीचे त्यांच्यासारखेच होते.

एक कॉलिन थ्रेडगोल्ड, निवृत्त शाळामास्तर. हा रोज येऊन एकच पेला घेई आणि त्या एका पेल्यावर जगातल्या प्रत्येक गोष्टीची तक्रार करी. बिअर पातळ झाली आहे, पोस्ट उशिरा येतं, नवा पाद्री गिटार वाजवतो. त्याचं बोलणं ऐकून वाटे, हा माणूस एक दिवस राज्य उलथवणार. दुसरा बर्नार्ड एल्सम, ट्रॅक्टर विकणारा. तो बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन यायचा आणि 'आमचा पब' म्हणून मला दाखवायचा, तुळईवरची नावं वाचून डोळे पुसायचा. पाहुणे नसले की मात्र मोठ्या दुकानातून बिअरचे डबे नेऊन घरी टीव्हीपुढे प्यायचा. तिसरी ईनिड स्टब्ज. ही चर्चची फुलं सजवायची आणि दर रविवारी एक छोटा ग्लास शेरी घ्यायची. 'लंगडा हंस' नसता तर मी कधीच गाव सोडलं असतं, असं ती सांगे. गाव सोडून ती कुठे जाणार होती हे तिने कधी सांगितलं नाही.

मग वळणरस्ता झाला. ट्रक गावाला वळसा घालून जायला लागले. माझं गिऱ्हाईक रोडावलं आणि कंपनीने मला एका बिल्डरला विकायचं ठरवलं. बिल्डरला मी नको होतो, माझ्याखालची जमीन हवी होती. पण पाडण्याआधी सरकारी परवानगी लागते, आणि गावाला पब हवा असेल तर ती नाकारता येते. ते पाहण्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीतून मिस पेल नावाची एक तरुण बाई येणार होती. सभा माझ्याच बैठकीत, दुपारी.

मेव्हिसने आदल्या दिवशी पितळ घासलं. काउंटर पुसता पुसता ती कॉलिनला म्हणाली, "तू बोलशील ना रे, राजा?"

"मी?" कॉलिन म्हणाला. "अगं, मी तर त्या बाईला धारेवर धरणार आहे. तू बघत राहा."

"धारेवर नको धरूस. नुसतं सांग की पब हवा आहे."

"हवा आहे? मेव्हिस, हा पब गेला तर मी त्या बुलडोझरपुढे आडवा पडेन."

ते ऐकून मेव्हिस त्या दिवशी निश्चिंत झोपली. मीही जरासा विसावलो, आणि या लोकांना इतकी वर्षं पाहूनही मी विसावलो याची मला आजही लाज वाटते.

सभेला सगळा गाव आला. एवढी गर्दी मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मिस पेल शहरातली होती, दमलेली होती, पण सरळ होती. ती म्हणाली, "हे बघा, मला पब पाडायचाही नाही आणि वाचवायचाही नाही. मला फक्त तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. ते आज ऐकलं तर मी परवानगी थांबवू शकते. कोण बोलतंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला वाटलं, लोक विचार करत आहेत. मला माहीत होतं, लोक नंबर ठरवत आहेत.

कॉलिन खाकरला. त्याने बर्नार्डकडे हात केला. "मला वाटतं, बर्नार्ड माझ्या आधी आला होता."

"छे छे," बर्नार्ड म्हणाला. "तू दाराशी होतास, मी तर गाडी लावत होतो. आणि खरं तर आधी ईनिडबाईंनी बोलावं."

"मी काय बोलणार?" ईनिड म्हणाली. "मी आपली फक्त रविवारची. रोज येणाऱ्यांनी बोललं पाहिजे."

रोज येणारे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझं लक्ष मेव्हिसकडे गेलं. ती काउंटरमागे उभी होती, हातात एक फडका. रोजच्यासारखी एकदा हनुवटी उचलली असती तर कॉलिन बोलला असता. सवयीने बोलला असता. पण हे तिच्या घराबद्दल होतं, आणि स्वतःसाठी मागणं तिला शोभणारं वाटलं नाही. तिने फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. या एका गोष्टीसाठी मी तिच्यावरही चिडलो आहे.

मिस पेलला दया आली असावी. तिने विचारलं, "बरं, असं विचारते. पब गेला तर तुम्हाला कसं वाटेल?"

आता कॉलिनला बोलणं भाग पडलं. तो उठून उभा राहिला. त्याने कोटाची बटणं लावली. तो म्हणाला, "म्हणजे... जरा चुकल्याचुकल्यासारखं होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ईनिडने रुमाल काढला. या लोकांमध्ये घर जळालं तरी माणूस 'जरा गैरसोय झाली' म्हणतो, त्यामुळे कॉलिनचं वाक्य त्यांच्या कानाला आक्रोशासारखं लागलं. मिस पेलला ते जेवढं होतं तेवढंच ऐकू आलं.

"जरा," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा तसा विरोध नाही?"

"तुम्हाला उगाच त्रास व्हावा अशी आमची मुळीच इच्छा नाही," बर्नार्ड म्हणाला.

मिस पेल आणखी थोडा वेळ थांबली. मला तिला दोष देता येत नाही. मग तिने आपली पर्स उचलली. जाताना सगळ्यांनी तिचे आभार मानले, एवढ्या लांब आल्याबद्दल. कोणीतरी तिच्यासाठी दार धरलं. तिची मोटार वळणाआड जाते न जाते तोच माझ्या बैठकीत एकच गलका उठला.

"हा अन्याय आहे," कॉलिन टेबलावर मूठ आपटून म्हणाला.

"सरळ अन्याय. तिने आपल्याला बोलूच दिलं नाही," बर्नार्ड म्हणाला.

"मला तर भडाभडा बोलायचं होतं," ईनिड म्हणाली. "पण मला वाटलं, आधी तुमचं होऊ दे."

मेव्हिसने त्या सगळ्यांना एकेक पेला भरून दिला. "असू दे, राजा," ती कॉलिनला म्हणाली. "तू बोललास ना, तेवढं पुष्कळ झालं." आणि कॉलिनला ते खरं वाटलं.

परवानगी मिळाली. पाडायच्या दिवशी सकाळी एक पिवळं यंत्र आलं आणि त्यासोबत एक मुकादम, टोपी मागे सरकवलेला, बरा माणूस. गाव जमलं होतं. मुकादम म्हणाला, "मंडळी, आत जाऊन कोणाला आठवण म्हणून काही घ्यायचं असेल तर घ्या. नंतर सगळं ढिगाऱ्यात जाईल."

मित्रांनो, मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्या क्षणी माझ्या डोळ्यांदेखत घडलं. कोणी कोणाला 'तुम्ही आधी' म्हटलं नाही. एकमेकांना कोपरं मारत सगळे एकदम आत घुसले. बुलडोझरपुढे आडवा पडणार होता त्या कॉलिनने मेव्हिसची पितळी घंटा उपटून काढली आणि कोटाखाली घातली. ईनिडने शेकोटीच्या निळ्या फरशा सुरीने उचकटल्या. बर्नार्ड करवत घेऊनच आला होता. त्याला ओकची तुळई आपल्या दिवाणखान्यात हवी होती, पण त्याची भिंत आखूड होती. तेव्हा त्याने तुळईचं एक टोक कापून टाकलं. त्या टोकावर वैमानिक पोरांची नावं होती. मला दात असते तर त्या दिवशी मी चावलो असतो. लंगड्या हंसाच्या पाटीसाठी दोघांची झोंबाझोंबी झाली, आणि टेडची खुर्ची कोणी नेली ते मला दिसलंही नाही.

मेव्हिस बाहेर उभी होती. हातात एक सुटकेस. बहिणीने शिवणयंत्र हलवून तिच्यापुरती जागा केली होती.

मुकादमाने तिला विचारलं, "तुम्हाला काही नको का, बाई?"

"हवंय की," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची खुर्ची. पण आधी यांचं होऊ दे."

सगळ्यांचं झालं. ती आत गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. लोक आपापली लूट छातीशी धरून उभे राहिले, कारण सर्वांत आधी निघून जाणं बरं दिसत नाही. यंत्राचा ड्रायव्हर खोळंबला होता. तेव्हा मेव्हिसने त्यांच्याकडे पाहिलं आणि घंटेशिवायच म्हणाली, "चला मंडळी, निघा आता. घरं नाहीत का तुम्हाला?"

सगळे हसले. कॉलिनसुद्धा हसला, आणि हसताना त्याच्या कोटाखाली घंटा वाजली. मग हसत हसत, डोळे पुसत ते आपापल्या घरी गेले.

यंत्राने मला पहिला धक्का दिला तेव्हा मेव्हिस समोरच्या बसथांब्यावर होती. माझी पूर्वेची भिंत पडली, वरचा मजला उघडा झाला, तिच्या खोलीचे पडदे रस्त्यावरून दिसायला लागले. तिने ते पाहिले असावेत. बस आली, दार उघडलं. थांब्यावर तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तरीही पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने मागे वळून पाहिलं, आपल्या आधी कोणी आहे का म्हणून.

माझी घंटा आता कॉलिनच्या फाटकाला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगतो की हा पब वाचवण्यासाठी तो किती लढला. लोक हळहळतात. तसल्या हळहळीवर मी थुंकतो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. माझी आठवण काढू नका, आठवणी काढणारे मला पुरे झाले. तुमच्या गावात तुम्हाला आवडणारं एखादं जुनं दार असेल तर ते उघडं आहे तोवर आत जा. त्यामागे राहणाऱ्या माणसाला नावाने हाक मारा. आणि एखाद्या दुपारी कोणी परकी बाई येऊन 'कोण बोलतंय' असं विचारेल, तेव्हा शेजाऱ्याकडे हात करू नका. तुमच्या आधी कोणीही आलेलं नाही.